दंडाहून दंडाकडे

जलंब-खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी वऱ्हाडात आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि आमच्या काळ्या मातीला अचानक जगाच्या बाजारात मोल आले, त्याची ती परिणती होती. रुईच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या. पण माल ज्या वाटेने बाहेर जातो त्याच वाटेने आजार आत येतो, हे त्या समारंभात कोणाच्या मनात आले नसावे. पुढच्या अर्धशतकात प्लेग आणि इन्फ्लुएंझा आगगाडीच्या वेगाने देशाच्या अंतर्भागात पोहोचले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एचआयव्हीने देशभर ज्या महामार्गांचा आधार घेतला, त्यांतला मुंबई-कोलकाता महामार्ग आमच्या गावावरून जातो. खामगावात लस तयार होत नाही. पण लस आली तर ती कोणाच्या दंडावर टोचली जाणार, आणि आली नाही तर कोणाचे घर उजाड होणार, हा प्रश्न अशाच गावांचा असतो. म्हणून एचआयव्हीविरुद्धची लस शोधण्याचा जो राष्ट्रीय प्रयत्न २००५ मध्ये पुण्याजवळ भोसरीत माणसापर्यंत पोहोचला आणि नंतर हळूहळू सार्वजनिक स्मृतीतून ओसरला, त्याचा हिशेब इथून मांडणे अस्थानी ठरू नये.

या हिशेबाचे पहिले पान १८०२ चे आहे. त्या वर्षी १४ जून रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करून लस इथवर आली होती. शीतपेट्यांचा तो काळ नव्हता. एका माणसाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात घालायचा, तो फोड पिकला की तिसऱ्याच्या, अशी ती साखळी होती. ॲनाच्या दंडावरून पाच मुले टोचली गेली आणि तिथून ती लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे गेली. उपखंडातील पहिली यशस्वी लस म्हणजे एका निनावी घरातल्या मुलीचा दंड होता, आणि तिला काही विचारले गेले असेल, असे मानायला आधार नाही. मराठीने मात्र या घटनेला आपल्या परीने सामावून घेतले. रोगही ‘देवी’, त्याचे व्रणही ‘देवीचे वण’ आणि प्रतिबंधही ‘देवी टोचणे’; कोप आणि कृपा एकाच शब्दात. आमच्या आजीच्या पिढीच्या दंडावर ते गोल वण असत. त्या वणांमागे पावणेदोनशे वर्षांची चिकाटी होती: कायदे, सक्ती, पळून जाणारी गावे, परत येणारे टोचणीवाले, आणि शेवटी १९७५ च्या मे महिन्यात आसामातील करीमगंजमध्ये सापडलेला देशातला अखेरचा रुग्ण. लस हाती असतानाही इतका काळ लागला, हे विसरणाऱ्याला लस हाती नसलेल्या रोगाबद्दल बोलण्याचा फारसा अधिकार उरत नाही.

दुसरे पान प्लेगचे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही आठवड्यांत जंतुशास्त्रज्ञ व्लादिमीर हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, मोजक्या मदतनिसांनिशी, त्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जंतू वाढवले. त्या तुपाखाली जंतूंच्या झुंबरासारख्या लोंबत्या वाढी होत. मग ते उष्णतेने मारून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. महिना संपण्याआधी भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर चाचणी झाली. जे पुढे आले ते स्वेच्छेने आले, असे नोंदवलेले आहे. पण तुरुंगाच्या भिंतीआड प्लेग शिरलेला असताना स्वेच्छा या शब्दात किती अर्थ उरतो, हा प्रश्न त्या काळाने विचारला नाही, आणि तो विचारायला शास्त्राला पुढे जवळजवळ अर्धे शतक लागले.

हाफकिन प्रयोगशाळेत होते तेव्हाच सरकार रस्त्यावर होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सैनिक घरांत शिरले, माजघरे आणि देवघरे उलथून रुग्ण शोधले गेले, माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या, आणि रोगाविरुद्धची मोहीम राजवटीविरुद्धच्या रोषात विरघळून गेली. त्याच पुण्याजवळ, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोहोचवत होत्या. त्या सेवेतच प्लेगची बाधा होऊन १० मार्चला त्यांचा अंत झाला. शिपायाने उचलून नेलेला रुग्ण आणि सावित्रीबाईंनी उचलून आणलेला रुग्ण हे दोघे एकाच रोगाचे होते. पहिल्याच्या नातेवाइकांनी पुढचा रुग्ण पोटमाळ्यावर लपवला; दुसऱ्याच्या नातेवाइकांना लपवण्याचे कारण नव्हते. साथरोगाच्या राजकारणाबद्दल नंतरच्या सव्वाशे वर्षांत जे काही लिहिले गेले, त्याचा गाभा मला या दोन दृश्यांत दिसतो.

लसीवरचा विश्वास किती ठिसूळ असतो, हे पाच वर्षांनी पंजाबातील मुलकोवाल गावाने दाखवले. १९०२ च्या ऑक्टोबर अखेरीस तिथे प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचले होते. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे नंतर पुढे आले. तरीही ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्या पद्धतीवर आला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीर आवाज उठवल्यावर ते दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. त्या मधल्या वर्षांत गावोगाव लसीबद्दल काय बोलले गेले असेल, त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे देशातील सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रदेशांपैकी होते, आणि तेव्हा तर टोचायला काही नव्हतेच.

इथवरचा इतिहास पुस्तकांत सापडतो. पुढचे पान फारसे कोणी उघडत नाही, आणि एचआयव्हीच्या लसीचा विचार करताना मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते कुष्ठरोगाचे आहे. १९५८ मध्ये मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात सी. व्ही. बापट, पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे आणि केंद्राचे प्रमुख वि. रा. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून एक जंतू वेगळा करून वाढवला. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही त्या रोगाच्या संशोधनातली मूळ अडचण असताना हा नातेवाईक जंतू हाती येणे ही मोठी गोष्ट होती. केंद्राच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ नाव पडले. पुढे डॉ. म. ग. देव यांनी त्यापासून लस तयार केली. तमिळनाडूतील चिंगलपट भागात पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांवर तिची इतर लसींशी तुलना झाली आणि १९९८ मध्ये डॉ. मो. द. गुप्ते व सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले: बीसीजीने सुमारे ३४ टक्के संरक्षण दिले होते, मुंबईच्या या लसीने सुमारे ६५ टक्के. चाळीस वर्षांचे काम, आपल्याच शहरातला शोध, आपल्याच माणसांवर तपासलेला, आणि उत्तर आशादायक.

ती लस कुठे आहे? नियमित कार्यक्रमात ती कधी आली नाही. कारण त्या मधल्या काळात बहुविध औषधोपचार आला होता. गोळ्यांनी रुग्ण बरे होत होते, आकडे झपाट्याने उतरत होते, आणि डिसेंबर २००५ पर्यंत देशपातळीवर कुष्ठरोगाचे ‘दूरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले. भीती ओसरली आणि लसीची गरजही ओसरल्यासारखी वाटली. जगात दरवर्षी नव्याने सापडणाऱ्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. औषधाने रुग्ण बरा केला. पण पुढचा रुग्ण होऊ नये यासाठी जे हाती आले होते ते आपण फळीवर ठेवून दिले. मी हे कोणा एकाच्या माथी मारत नाही. साथ ऐन भरात असताना राज्यसंस्था जो उत्साह दाखवते तो भीतीवर पोसलेला असतो, आणि लसीला लागतो तो धीर भीतीच्या आयुष्यापेक्षा कितीतरी लांब असतो, एवढेच मला यातून वाचता येते.

एचआयव्हीची कथा याच साच्यातून गेली. २३ एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी विषाणू सापडल्याची घोषणा करताना दोनेक वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशा व्यक्त केली. ती दोन वर्षे संपली तेव्हा, १९८६ मध्ये, मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील पहिली लागण शोधून काढली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासच्या मराठी कुटुंबातल्या. नंतरची काही वर्षे १८९७ चीच पुनरावृत्ती होती. गोव्यात १९८९ च्या फेब्रुवारीत रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, केवळ त्याच्या रक्तात विषाणू सापडला म्हणून, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये पकडून एका ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिने डांबून ठेवले गेले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि त्या कायद्यातील तरतूद न्यायालयाने उचलून धरली. छावणी तीच होती, फक्त तंबूच्या जागी इमारत होती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही, असे सांगितले आणि संमतीशिवाय चाचणी व भेदभाव यांना मनाई करणारा कायदा २०१७ साली झाला, तो लागू व्हायला २०१८ चा सप्टेंबर उजाडला.

शास्त्राने मात्र या वेळी जुनी एक चूक दुरुस्त केली, आणि ती महाराष्ट्रात झाली याचा मला अभिमान वाटतो. १९९२ मध्ये भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, उभी राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम यांच्या सहकार्यातून ७ फेब्रुवारी २००५ रोजी तिथे भारतातील पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली. लस भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारावर बेतलेली होती. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एचआयव्हीची काही जनुके बसवून ती बनवली होती, त्यामुळे तिच्यापासून एड्स होण्याची शक्यताच नव्हती. तीस स्वयंसेवक पुढे आले. ते कैदी नव्हते, रुग्ण नव्हते, त्यांना स्वतःला त्या लसीतून काही मिळण्याची खात्री नव्हती. हे निरोगी लोक होते, ज्यांना आधी सगळे समजावून सांगितले गेले आणि ज्यांना कुठल्याही क्षणी नाही म्हणता येत होते. घरच्यांना काय सांगायचे, लसीमुळे अंगात प्रतिपिंडे तयार होऊन साध्या चाचणीत रक्त ‘पॉझिटिव्ह’ दिसले तर लग्नाच्या बैठकीत काय उत्तर द्यायचे, ही ओझी त्यांची होती. भायखळ्याच्या तुरुंगापासून भोसरीच्या त्या खोलीपर्यंतचे अंतर हे एकशे आठ वर्षांचे नैतिक अंतर आहे. पुढच्या वर्षी चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात भारतीय विषाणूच्या जनुकांवरून घडवलेल्या दुसऱ्या लसीची चाचणी झाली, आणि नंतर दोन लसी एकामागोमाग देण्याचा प्रयोग पुणे व चेन्नईत मिळून झाला.

भोसरीची लस सुरक्षित ठरली, पण तिने जागी केलेली प्रतिकारशक्ती क्षीण होती. यात लाजिरवाणे काही नव्हते. देवी, गोवर, कांजिण्या यांतून माणसे आपली आपण बरी होतात. लस शरीराच्या त्या जुन्या विद्येची उजळणी करून घेते. एचआयव्हीतून कोणी आपोआप बरे होत नाही, त्यामुळे उजळणी कशाची करून घ्यायची, हाच मूळ प्रश्न आहे. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुकतो आणि त्या चुकांतूनच रूप पालटतो. शर्करेचे कवच पांघरतो. लागण झाल्यावर काही दिवसांतच पेशीच्या गुणसूत्रांत लपून बसतो. २००९ मध्ये थायलंडच्या चाचणीत सुमारे ३१ टक्के संरक्षणाची चाहूल लागली, पण दक्षिण आफ्रिकेतील तिची सुधारित आवृत्ती २०२० मध्ये थांबवावी लागली, आणि २०२१ व २०२३ मध्ये आणखी दोन मोठ्या चाचण्या निष्फळ ठरल्या. अनेक उपप्रकारांना रोखणारी प्रतिपिंडे शरीराला पायरीपायरीने शिकवता येतील, ही दिशा मात्र २०२२ च्या प्रयोगांतून भक्कम झाली आहे.

आणि इकडे भीती ओसरत गेली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये तीन औषधांचे मिश्रण देण्याची तयारी दाखवली. जगाच्या बाजारात तेव्हा त्यासाठी दहा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत झाले. २००७ मध्ये नव्या पाहणीनंतर देशातील बाधितांचा अंदाज पन्नास लाखांवरून पंचवीस लाखांच्या आसपास आला. या तिन्ही गोष्टी आनंदाच्या होत्या. घरांत परतलेले बाप, शाळेत जाणारी मुले हे त्यांचे फळ आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण चिंगलपटच्या आठवणीने मन साशंक होते. त्यानंतर फरिदाबादच्या एका प्रयोगशाळेत लसीचे काम चालू राहिले, भोसरीची संस्था नवे नाव धारण करून विषाणुशास्त्राच्या व्यापक कामाकडे वळली, आणि ‘एड्सची लस’ हे शब्द मराठी वृत्तपत्रांतून १ डिसेंबरचा एड्स दिन वगळता जवळजवळ नाहीसे झाले. आज देशात सुमारे पंचवीस लाख लोक या विषाणूसह जगतात, त्यांतले सर्वाधिक महाराष्ट्रात; दरवर्षी साठ हजारांहून अधिक नव्या लागणी होतात. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेने ड्यूक विद्यापीठ आणि स्क्रिप्स संस्थेतील एचआयव्ही लससंशोधन गटांचे अर्थसाहाय्य पुढे न चालवण्याचे ठरवले. ज्या विदेशी सहकार्याच्या आधाराने भोसरीची पहिली चाचणी उभी राहिली होती, तो आधार आता गृहीत धरता येत नाही.

याच वळणावर लागण रोखणारे दुसरे एक औषध आले आहे. लेनाकापाविर हे सहा महिन्यांतून एकदा टोचायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील २,१३४ तरुणींना ते दिले गेले, आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्यांपैकी एकीलाही लागण झालेली नव्हती. हैदराबादच्या दोन कंपन्या ते २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये पुरवतील, असे जाहीर झाले आहे. महामार्गावरच्या ट्रकचालकाला, हंगामात मुंबई-सुरत गाठणाऱ्या मजुराला, नवऱ्याबद्दल काही विचारू न शकणाऱ्या बाईला हे वरदान ठरू शकते, आणि सरकारने ते जिल्ह्याच्या गावापर्यंत आणावे, अशी माझी मागणी आहे. पण वर्षातून दोनदा आयुष्यभर टोचून घेणे म्हणजे लस नव्हे. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाच्या लसीचे जे झाले, ते लेनाकापाविरने एचआयव्हीच्या लसीचे होण्याचा धोका मला स्पष्ट दिसतो. कोविडात पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा करून दिला आणि १६ जानेवारी २०२१ पासून देशी लस दंडावर पडू लागली. क्षमता नाही, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

आमच्या जिल्ह्याने दुसरी बाजूही नुकतीच पाहिली. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळू लागले. तपासणीचे नमुने पोहोचण्याआधी ‘टक्कल व्हायरस’ हे नाव सर्वत्र पोहोचले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पुढे गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. विषाणूचा त्यात संबंधच नव्हता. उद्या खरोखरच्या लसीच्या चाचणीसाठी एखादे पथक या भागात आले, तर त्याच्या आधी इथे काय पोहोचलेले असेल, याची कल्पना त्या जानेवारीवरून करता येते. म्हणून संशोधनाच्या निधीबरोबर मी दुसरी एक गोष्ट मागतो. भोसरीच्या त्या तीस जणांनी काय केले आणि त्यातून शास्त्राला काय कळले, हे निष्फळतेसकट, साध्या मराठीत, शाळांपर्यंत जावे. ॲना डस्टहॉलचे निदान नाव उरले. यांची नावे गोपनीय आहेत आणि तशीच राहायला हवीत. २००५ मध्ये जे ऐन तारुण्यात होते, ते आज पन्नाशीकडे झुकले असतील. पुढच्या लसीसाठी हाक येईल ती त्यांच्या मुलांच्या वयाच्या पिढीला.